चेनकव्हर आणि बुरखा

आठवीतली एक मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही, म्हणून घरी गेले. तिची अम्मी म्हणाली, "टीचर, सायकलच्या चेनमध्ये बुरखा अडकून पडली. आता नाही पाठवत."

सायकल पाहिली. चेनवर अर्धंच कव्हर, तेही वाकलेलं. मागच्या चाकाला जाळी नाही. मैंदर्गीतच दुरुस्तीच्या दुकानात दोन्ही बसवून घेतलं. चेन पूर्ण झाकली की कपडा अडकत नाही, वंगणाचे काळे डागही पडत नाहीत. जाळीमुळे दुपट्ट्याचं टोक तारांत जात नाही. तरी बसण्याआधी दुपट्टा खोचावाच.

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल मिळते. कुठूनही मिळो, आधी ही दोन ठिकाणं बघा.

वर्गात विचारलं, सायकलची कोणती वस्तू सगळ्यांत आवडते? पुढची टोपली! डबा, पाण्याची बाटली तिच्यात. दप्तर मात्र मागे कॅरिअरवर. टोपली जड झाली की हँडल डगमगतं. तारांतले रंगीत मणी काही उपयोगाचे नाहीत, पण मुली त्यावर जीव टाकतात. असू देत.

आमच्या अब्बांच्या सायकलला डायनॅमो होता. सायकल थांबली की दिवा गुल. आताचा चार्जिंगचा दिवा उभ्या सायकलवरही जळतो. मागचा लाल रिफ्लेक्टर मात्र रोज पुसावा. धूळ बसली तर उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला तो दिसणार कसा?

सोमवारी मुलगी शाळेत आली. सोबत अम्मीचा निरोप : धाकटीच्या सायकलला तसलंच कव्हर मिळेल का?