बियाणं आपलं, संशोधन साऱ्यांचं, वाटा कुणाचा?

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की तासाभराच्या आत अभनपूर येतं. राजिमकडे जाणारा नॅरोगेजचा फाटा इथूनच निघायचा. 30 मार्च 2025 रोजी रायपूर–अभनपूर मार्गावर ब्रॉडगेजची मेमू गाडी सुरू झाली. गाडी बदलली तरी शिवार मात्र धानाचंच राहिलं आहे.

इथला शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो. भाटा म्हणजे मुरमाड, माळाची जमीन. मटासी पिवळसर आणि हलकी, डोरसा मध्यम, तर कन्हार काळी, भारी, ओल धरून ठेवणारी. भाट्यावर लवकर पिकणारं धान आणि कन्हारीत उशिरा पिकणारं, हा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. पेरणीची जुनी रीतही पाहण्यासारखी आहे. पहिल्या पावसावर कोरड्या रानात बी फेकतात. महिनाभराने बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, वीतभर पाणी साचलं की उभ्या पिकात देशी नांगर घालतात. त्याने तण गाडलं जातं, दाट रोपं विरळ होतात आणि उरलेल्या रोपांच्या मुळांना मोकळी जमीन मिळते. याला बियासी म्हणतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे आवत्या धान पेरणाऱ्याला यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

बियासीचं सगळं गणित त्या साचलेल्या पाण्यावर असतं. पावसाने पंधरा दिवस ओढ दिली की नांगर थांबतो आणि तण पिकाच्या डोक्यावर चढतं. मग प्रश्न उभा राहतो तो वाणाचा. सुरुवातीला झपाट्याने वाढून तणाला दाबणारं, नांगर सोसणारं आणि मधली ओढ काढणारं वाण हवं असतं. हवामान बदलाच्या काळात हा प्रश्न एकट्या अभनपूरचा उरलेला नाही. पावसाच्या भरवशावर धान पिकवणाऱ्या साऱ्या आशिया-आफ्रिकेचा तो आहे. म्हणूनच त्याच्या उत्तरासाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ एकत्र येतात, आणि त्यासाठी पैसा लागतो.

पैसा येतो कसा?

विज्ञान-तंत्रज्ञानातल्या संयुक्त संशोधनासाठी भारताने अनेक देशांशी कायमची व्यवस्था उभारली आहे. भारत-फ्रान्स केंद्र 1987 पासून आहे. भारत-अमेरिका विज्ञान-तंत्रज्ञान मंच 2000 मध्ये स्थापन झाला, तर भारत-जर्मनी केंद्र 2010 मध्ये. जर्मन केंद्राची ‘दोन अधिक दोन’ ही पद्धत प्रसिद्ध आहे. तिच्यात दोन्ही देशांतली प्रत्येकी एक संशोधन संस्था आणि एक उद्योग मिळून प्रकल्प मांडतात. बहुतेक द्विपक्षीय योजनांचा नियम सोपा असतो. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ एकच प्रस्ताव आपापल्या सरकारकडे पाठवतात, दोन्हीकडे त्याची छाननी होते, संयुक्त समिती निवड करते आणि ज्याच्या-त्याच्या शास्त्रज्ञांचा खर्च ज्याचा-तो देश उचलतो. संशोधक विद्यार्थ्यांचं वेतन, रसायनं, उपकरणं आणि परस्परांच्या प्रयोगशाळांच्या भेटी, हे खर्चाचे नेहमीचे रकाने.

या रकान्यांत बहुधा न दिसणारा एक भागीदार असतो. ज्याने बियाणं जपलं आणि ज्याच्या बांधीत शेवटी चाचणी होते, तो शेतकरी. रायपूरच्या इतिहासात ही उणीव दोनदा ठळकपणे समोर आली आहे.

रायपूरचं कोठार

डॉ. आर. एच. रिछारिया 1959 मध्ये कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक झाले. पुढच्याच वर्षी फोर्ड आणि रॉकफेलर या अमेरिकी प्रतिष्ठानांच्या पैशातून फिलिपिन्समध्ये आंतरराष्ट्रीय तांदूळ संशोधन संस्था उभी राहिली. तिथलं बुटकं, जास्त खत मागणारं बियाणं भारतात आणण्याची घाई सुरू झाली, तेव्हा रोग-किडींची पुरती पारख झाल्याशिवाय ते आणू नये, असा आग्रह रिछारियांनी धरला. आपल्याकडचा वाणांचा संग्रह सरसकट देऊन टाकण्यालाही त्यांचा विरोध होता. त्यांना ते पद सोडावं लागलं.

पुढे, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या रायपुरात त्यांनी मध्य प्रदेश तांदूळ संशोधन संस्थेचं काम उभारलं आणि छत्तीसगडच्या गावागावांतून धानाचे 19 हजारांहून अधिक नमुने गोळा केले. काही वर्षांनी ती संस्थाही बंद झाली. ही सगळी कहाणी गोव्याचे क्लॉड अल्वारिस यांनी 1986 मध्ये ‘इलस्ट्रेटेड वीकली’मध्ये मांडली आणि देशभर चर्चा झाली. तो संग्रह रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. आज तिथे धानाचे 23 हजारांहून अधिक नमुने आहेत.

या कोठाराची किल्ली कुणाकडे असावी, हा प्रश्न 2002 मध्ये पुन्हा उठला. सिंजेन्टा या स्विस बहुराष्ट्रीय कंपनीशी संकरित धानावर संयुक्त संशोधन करण्याची बोलणी विद्यापीठाने चालवल्याचं बाहेर आलं. संग्रहातलं बियाणं कंपनीला खुलं होणार, बदल्यात विद्यापीठाला पैसा मिळणार, असा त्याचा आशय होता. शेतकरी संघटना, कार्यकर्ते आणि स्थानिक वृत्तपत्रांनी आवाज उठवला आणि डिसेंबर 2002 मध्ये कंपनीने माघार घेतली. ज्यांच्या शेतांतून हे नमुने आले, त्यांना या बोलण्यांची खबर वर्तमानपत्रांतून लागली. खरा दोष इथे होता. करार वाईट होता की चांगला, हे ठरवायला लागणारे कागदच लोकांपुढे नव्हते.

कुलूप हे उत्तर नव्हे

मग कोठाराला कुलूपच घालावं का? विज्ञानाचा अनुभव याच्या उलट आहे.

सत्तरच्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी पसरवलेल्या ‘ग्रासी स्टंट’ या विषाणूरोगाने आशियातलं धान खुरटवलं. फिलिपिन्सच्या संस्थेने हजारो नमुने तपासले. टिकाव धरणारा मिळाला तो एकच, उत्तर प्रदेशातून गेलेल्या ‘ओरायझा निवारा’ या रानधानाचा. डॉ. गुरुदेव खुश यांच्या चमूने त्याचा प्रतिकारगुण वापरून काढलेलं आयआर-36 हे वाण 1976 मध्ये आलं आणि ऐन बहरात एक कोटी हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पिकलं. ते रानधान कुलपात राहिलं असतं, तर आपलंही शेत वाचलं नसतं.

दुसरं उदाहरण थेट छत्तीसगडच्या बांधीतलं. स्वर्णा हे वाण इथे घरोघरी पेरलं जातं. पूर आला की साधं धान श्वासासाठी पाण्याबाहेर डोकं काढायला उंच वाढू लागतं. त्या धडपडीत साठवलेली साखर संपते आणि पाणी ओसरेपर्यंत रोप मरून जातं. ओडिशातल्या ढालापुतिया या स्थानिक धानातून कटकला निवडलेलं एफआर-13ए मात्र वेगळं वागतं. पाण्याखाली गेलं की ते वाढच थांबवतं, साठा राखून ठेवतं आणि सुमारे दोन आठवडे बुडून राहिल्यावरही पाणी ओसरताच नवी पानं काढतं. हा गुण धानाच्या नवव्या गुणसूत्रावर असल्याचं 1996 मध्ये समजलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अनुदानावर कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि फिलिपिन्सच्या संस्थेने मिळून त्यामागचं ‘सब-1ए’ हे जनुक ओळखलं आणि 2006 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. नेहमीच्या संकरातून ते स्वर्णात आणलं गेलं. 2009 मध्ये ‘स्वर्णा सब-1’ भारतात प्रसारित झालं. ओडिशाच्या शेतकऱ्याचं धान दोन खंडांच्या प्रयोगशाळा फिरून अधिक बळकट होऊन आपल्याकडे परतलं.

या प्रवासाची वर्षं मोजली की संयुक्त अनुदानांची एक मोठी अडचण लक्षात येते. पहिल्या नोंदीपासून वाणापर्यंत तेरा वर्षं गेली. बहुतेक द्विपक्षीय प्रकल्प मात्र तीन वर्षांचे असतात. पावसावरच्या शेतात तीन वर्षं म्हणजे केवळ तीन खरीप. त्यातला एक दुष्काळात गेला आणि एक अतिवृष्टीत, तर हाती एकच धड हंगाम उरतो. शोधनिबंध तेवढ्यात निघतो, वाण निघत नाही. शिवाय देणाऱ्याचं धोरण बदललं की काम अर्ध्यावर तुटतं. ब्रिटनने 2021 मध्ये परदेशी मदतीला कात्री लावली तेव्हा चालू प्रकल्पांचं अनुदान घटलं. 2025 मध्ये अमेरिकेची ‘युसेड’ ही मदतसंस्था गुंडाळली गेली, तेव्हा तिच्या पैशावर चालणाऱ्या तिथल्या विद्यापीठांतल्या शेती-प्रयोगशाळांना टाळं लागलं.

बरोबरीची भागीदारी

चांगली भागीदारी कशी असते, याचा नमुनाही रायपूरजवळच सापडतो. दुष्काळ सोसणाऱ्या धानासाठी फिलिपिन्सची संस्था आणि भारतातली संशोधन केंद्रं यांचं एक जाळं उभं राहिलं. रॉकफेलर प्रतिष्ठानाचा पैसा त्यामागे होता आणि रायपूरचं विद्यापीठ त्यातलं महत्त्वाचं केंद्र होतं. प्रयोग भारतातल्या कोरडवाहू केंद्रांवर आणि शेतकऱ्यांच्या रानात झाले. हजारीबागच्या केंद्रातून 2010 मध्ये सुमारे 105 दिवसांत येणारं वाण प्रसारित झालं, त्याचं नावच ‘सहभागी धान’. त्याच वर्षी ‘फील्ड क्रॉप्स रिसर्च’ या नियतकालिकात या जाळ्याचा शोधनिबंध आला. त्यावरचं पहिलं नाव रायपूरचे शास्त्रज्ञ एस. बी. वेरुळकर यांचं होतं. प्रश्न इथल्या जमिनीतून निघाला, चाचणी इथे झाली आणि श्रेयही इथल्या माणसाला मिळालं. बाहेरचा पैसा असा वापरता येतो.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रायपूरच्या याच विद्यापीठाबरोबर केलेलं कामही असंच आहे. किरणोत्साराने उत्परिवर्तन घडवून दुबराजसारख्या जुन्या सुवासिक, उंच, लोळणाऱ्या धानाचं बुटकं रूप त्यांनी तयार केलं आणि त्याच्या नावात ट्रॉम्बे आणि छत्तीसगड ही दोन्ही नावं गुंफली.

श्रेयापुढचा प्रश्न उत्पन्नाच्या वाट्याचा. तो किती अवघड आहे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड-दोन एकरांच्या शेतकऱ्याच्या चिकाटीने एचएमटी धान निवडलं. ते छत्तीसगडच्या बाजारातही आवडीने विकलं जातं. दादाजींना पुरस्कार मिळाले. पण बियाण्याच्या उलाढालीतला हक्काचा वाटा त्यांना 2018 मध्ये निधन होईपर्यंत मिळाला नाही.

कायदा काय म्हणतो?

सिंजेन्टा प्रकरण पेटलं त्याच डिसेंबर 2002 मध्ये संसदेने जैवविविधता कायदा मंजूर केला. त्यानुसार परदेशी व्यक्ती वा संस्थेला भारतीय जैवसंपदा वापरायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. मात्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि केंद्राने मंजूर केलेल्या संयुक्त संशोधन प्रकल्पांना त्यातून सूट आहे. संशोधन अडू नये म्हणून ती योग्यच आहे. पण म्हणूनच अशा प्रकल्पाच्या करारात लाभाची वाटणी स्पष्ट लिहिलेली असणं जास्त गरजेचं ठरतं.

आता तर बियाणं देशाबाहेर जाण्याचीही गरज उरलेली नाही. चीन आणि फिलिपिन्सच्या संस्थांनी मिळून 89 देशांतल्या तीन हजार धानांचे जनुकीय आराखडे वाचले आणि 2014 पासून ते सर्वांना खुले केले. कुठल्याही संशोधकाला ते संगणकावर मिळतात. त्यातून होणाऱ्या नफ्याचा काही भाग जैवसंपदा जपणाऱ्या समाजांकडे यावा म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता कराराखाली ‘काली निधी’ सुरू झाला. त्यात पैसे भरणं कंपन्यांच्या इच्छेवर आहे. म्हणजे खात्री मिळवायची ती आपल्याच करारांतून.

मागण्या साध्या आहेत

संयुक्त प्रकल्पांसाठी अर्ज मागवणाऱ्या सरकारी विभागांकडे आणि विद्यापीठांकडे चार गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. एक, पावसावरच्या शेतीशी संबंधित अनुदान किमान सहा खरीप चालावं, आणि परदेशी हिस्सा थांबला तर भारतीय हिस्सा चालू राहील अशी तरतूद असावी. दोन, ज्यांच्या रानात चाचणी होते त्यांचा मोबदला आणि नुकसानभरपाई अंदाजपत्रकात वेगळी दाखवावी. तीन, वापरलेला नमुना कोणत्या गावातून आला त्याचा उल्लेख शोधनिबंधात आणि वाणाच्या नोंदणीत असावा. चार, करार त्यावर सही होण्याआधी लोकांपुढे ठेवावा आणि निष्कर्ष हिंदी, छत्तीसगडी, मराठी अशा शेतकऱ्याच्या भाषेत परत यावेत.

पाचवी गोष्ट आपल्या हातातली आहे. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. ही कल्पना पुण्याचे ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी देशात रुजवली. गावात कोणतं धान, कोणता वाल, कोणती ज्वारी कोण जपतं, याची ही अधिकृत नोंद. उद्या एखाद्या प्रयोगशाळेने त्यातल्या वाणावर काम केलं, तर गावाचा हक्क सांगायला हाच कागद पुढे येईल. अभनपूर असो, अकोले असो की आरमोरी, येत्या ग्रामसभेत उठून विचारा: आपल्या गावाची नोंदवही कुठे आहे, आणि तिच्यात आपलं बियाणं लिहिलं आहे का?