गुरुजींचा दरारा आणि पालकांचा पळ

मागच्या वेळी आपण 'अधिकार' या कल्पनेविषयी बोललो. व्याख्यान संपल्यावर एक ताई थांबल्या. म्हणाल्या, "सर, सगळं पटलं. पण माझ्या मुलीला तिच्या बाई वर्गासमोर रोज 'ढ' म्हणतात. त्यांच्या अधिकाराचं काय करायचं?" आम्ही विचारलं, "शाळेत जाऊन बोललात का?" तर म्हणाल्या, "नाही हो. पुढच्या वर्षी प्रायव्हेट शाळेत घालणार आहोत." आजचं बोलणं त्यांच्या या उत्तराविषयी आहे.

आधी एक फरक नीट समजून घेऊ. 'तुझं गणित चुकलं' असं सांगणं हा शिक्षकाचा अधिकार आहे. 'तुमच्या घरात कोणी शिकलंय का कधी?' असं विचारणं हा छळ आहे. दोन्हींत आवाज चढलेला असू शकतो, म्हणून आपली गल्लत होते. पण गणित दुरुस्त करता येतं, आणि ते झालं की शिक्षकाचा राग संपायला हवा. आपलं घर, जात, आईबापांची गरिबी हे मूल दुरुस्त करू शकत नाही. म्हणजे या दुसऱ्या शिक्षेला शेवटच नाही. जी शिक्षा मुलाला काही करून संपवता येत नाही, तिला शिस्त म्हणता येणार नाही.

आम्ही चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. आमचे गुरुजी मारकुटे म्हणून प्रसिद्ध होते. गंमत अशी की आम्हाला त्यांनी कधी छडी मारली नाही. चुका तर आम्हीही करत होतो. आमच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे वडील सालगडी होते. त्याला मात्र तासन्‌तास अंगठे धरून उभं केलं जाई. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. आम्हाला वाटायचं, आपण हुशार म्हणून वाचलो. फार उशिरा लक्षात आलं की आमचे वडील सरकारी नोकर होते, ते शाळेत येऊन जाब विचारू शकत होते. त्याच्या वडिलांना एका दिवसाचा खाडा परवडत नव्हता. छडी कोणाच्या हातावर पडायची हे चुकीवर ठरत नव्हतं, मागे कोण उभं आहे यावर ठरत होतं.

आता कायदा काय म्हणतो बघा. 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे. 'ढ' म्हणून रोज अपमान करणं हे या दुसऱ्या प्रकारात येतं. कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल 3 महिन्यांत लागावा अशी अपेक्षा आहे. कलम 21 नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायला हव्यात. विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही. म्हणजे ताई जिथे जायला निघाल्या आहेत, तिथे फी भरावी लागेल, पण कायद्याने दिलेली ही खुर्ची मिळणार नाही.

मग लोक ही खुर्ची सोडून का जातात? अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की संस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात: सोडून जाणं किंवा आवाज उठवणं. त्याने शाळांचंच उदाहरण घेतलं. गुणवत्तेची ज्यांना सर्वांत जास्त फिकीर असते, ते पालक आधी निघून जातात. नेमका त्यांचाच आवाज शाळेला सुधारू शकला असता. मागे राहतात ते बोलू न शकणारे. आणि आमच्या गुरुजींच्या छडीचं गणित आठवा: जाब विचारणारं कोणी उरलं नाही, की छडी मोकाट सुटते. ते बघून आणखी पालक निघतात.

पालकांचा अविश्वास खोटा नाही, हेही सांगितलं पाहिजे. 1882 साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. त्याच निवेदनात, शिक्षक मुलांत मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे हवेत, असंही ते म्हणाले. शाळेवरची टीका आणि शाळेची मागणी, दोन्ही एकाच तोंडून! फुल्यांचा अविश्वास शाळा सोडून गेला नाही, तो शाळेकडे हिशेब मागत राहिला.

आणि आम्ही? आम्ही आयुष्यभर व्याख्यानांतून सार्वजनिक शिक्षणाची बाजू मांडली, पण स्वतःच्या मुलांना खासगी शाळेत घातलं. घराजवळच्या पालिकेच्या शाळेची पायरीसुद्धा चढून पाहिली नाही. त्यामुळे ताईंना उपदेश करण्याचा हक्क आम्हाला नाही. मुलीचं रोजचं रडणं थांबवणं हे आईचं पहिलं काम आहे. शाळा बदलावीशी वाटली तर त्यांनी जरूर बदलावी.

एवढंच म्हणू, की जाण्याआधी एक अर्ज लिहून द्यावा. शक्य तर आणखी दोघी-तिघींना सोबत घेऊन समितीच्या बैठकीत बसावं. सगळे शिक्षक असे नसतात. निवडणूक, जनगणना सांभाळून जीव ओतून शिकवणाऱ्या बाई त्याच शाळेत असतील. अशा तक्रारीने त्यांचंही बळ वाढतं. आणि मुख्य म्हणजे, तुमची मुलगी निघून गेल्यावर तिच्या बाकावर कोणीतरी दुसरी बसणार आहे. तिची आई कदाचित शाळेत येऊ शकणार नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.