दप्तरातली चिठ्ठी वाचतो कोण?

मृगाचा पाऊस पडून गेला की गावात दोन गडबडी एकदम सुरू होतात. एक रानातली, दुसरी शाळेतली. घरधनी बियाणे-खतासाठी तालुक्याला खेपा घालीत असतो, घरधनीण पेरणीच्या माणसांच्या भाकरी थापीत असते, आणि पोरे नव्या पुस्तकांचा वास घेत ओसरीवर बसलेली असतात. अशा धांदलीत मुलाच्या दप्तरातून एक कागद घरी येतो. शाळेची चिठ्ठी. पालकांना चार बातम्या, चार सूचना. पुष्कळ घरांत ती डब्याखाली भिजून जाते, नाहीतर न वाचताच खिळ्याला अडकते. वाणसामानाची यादी आपण दोनदा वाचतो, कारखान्याच्या उसाच्या पावतीतला आकडा चारदा बघतो. मग पोराच्या चिठ्ठीनेच काय घोडे मारले आहे?

वसईच्या केळीच्या वाड्यांपासून अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या ऊस-कांद्याच्या पट्ट्यापर्यंत कॅथलिक मिशनच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. त्यांत ख्रिस्ती मुलांबरोबर हिंदू, बौद्ध, मुसलमान अशा सर्व घरची लेकरे एका बाकावर बसतात. आजोबा त्याच शाळेत, बाप त्याच शाळेत आणि आता नातू त्याच शाळेत, अशी किती तरी घरे आहेत. अशा शाळेतून येणाऱ्या चिठ्ठीत काय असते आणि घरच्यांनी त्यावर काय करायचे, याचा हा हिशेब. शाळा झेडपीची असली तरी यातल्या बहुतेक गोष्टी लागू पडतील.

एका चिठ्ठीची किंमत

आधी आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. पुतणीचे बाप्तिस्म्याचे नाव एक आणि घरात हाक मारायचे नाव दुसरे. शाळेत घालताना घाईत घरातलेच नाव सांगितले गेले. पुढे आधार कार्ड काढले ते बाप्तिस्म्याच्या नावाने. दुसरीत असताना शाळेने चिठ्ठी पाठवली, की रजिस्टरमधली नोंद येऊन पाहून जावी आणि चूक असल्यास कागद आणून द्यावा. कांदे काढायचे दिवस होते. चिठ्ठी राहून गेली.

मुलगी बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला, आणि कागद तपासताना दोन नावे निघाली. शाळेत धावलो.

"सिस्टर, तेव्हाच सांगायचे होते ना हो," भाऊ जरा चढ्या आवाजात म्हणाला.

"दादा, तीन वेळा चिठ्ठी दिली," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "शेवटची तर तिच्या वहीला टाचणी लावून दिली होती. पोर तुमच्या हातात देत होती, तुम्ही म्हणालात, उद्या बघू."

भाऊ खाली मान घालून उभा राहिला. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात जाहिरात, जिल्ह्याच्या खेपा. सगळे झाले, पण प्रवेशाची तारीख थांबली नाही. पोरीचे एक वर्ष गेले. चूक शाळेची नव्हती, आमची होती. म्हणून सांगतो, चिठ्ठी वाचा.

नाव आणि जन्मतारीख

पहिली सूचना बहुधा हीच असते. मुलाला शाळेत घालताना जनरल रजिस्टरमध्ये नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म आणि जात लिहितात. शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून निघतो. मूल शाळेत शिकत आहे तोवर पुरावा दाखवून चूक दुरुस्त करणे सोपे. एकदा शाळा सुटली की तेच काम डोंगराएवढे होते. म्हणून जून-जुलैत एक दिवस शाळेत जाऊन नोंद डोळ्यांनी पाहून यावी. वाचता येत नसेल तर गुरुजींना वाचून दाखवायला सांगावे. त्यात लाज कसली?

ख्रिस्ती घरांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. बाप्तिस्म्याचा दाखला चर्चचा असतो, जन्माचा दाखला ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा. दोन्हींची जागा वेगळी. मूल जन्मल्यापासून 21 दिवसांच्या आत त्याची सरकारी नोंद करावी. 2023 साली कायद्यात बदल झाला असून 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागणार आहे. ज्यांच्या घरी आज पाळणा हलतो आहे त्यांनी आत्ताच जागे व्हावे. बाप्तिस्मा, जन्मदाखला आणि आधार या तिन्हींवर नाव एकच ठेवावे. घरात सोनू म्हणा, बाळ्या म्हणा. कागदावर मात्र एकच.

हजेरीपट आणि हंगाम

दुसरी सूचना हजेरीची. शाळेला पिकाचे वेळापत्रक कळत नाही, असे आपण म्हणतो. पण खरे सांगा, चौथीतले पोर कापूस वेचायला नेऊन किती किलो जास्त निघतो? आणि त्या आठ दिवसांत वर्गात भागाकार होऊन जातो तो पुन्हा कोण शिकवणार? पुढची गणिते त्या भागाकारावरच उभी असतात. धाकट्याला सांभाळायला थोरलीला घरी ठेवणे हाही तसाच तोट्याचा व्यवहार. अंगणवाडी कशासाठी आहे?

जी कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात त्यांची अडचण मोठी आहे, ती हसण्यावारी नेता येणार नाही. अशांनी जाण्याआधी शाळेला सांगावे, न सांगता निघून जाऊ नये. मूल आजी-आजोबांजवळ राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय जवळपास आहे का ते विचारावे. मूल बरोबर न्यायचे असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे. ते दाखवून कारखान्याच्या भागातल्या शाळेत मुलाला बसवता येते आणि परत आल्यावर इथला धागा तुटत नाही.

सणा-यात्रेच्या रजेचेही तसेच. सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा लांबलांबची माणसे पायी येतात. जरूर जावे. पण एका दिवसाच्या यात्रेसाठी मुलाची आठवडाभर दांडी होऊ नये, आणि जाण्याआधी एक ओळीची चिठ्ठी आपणही शाळेला द्यावी. चिठ्ठ्या काय फक्त शाळेनेच लिहायच्या?

प्रार्थना, धर्मशिक्षण आणि संमती

मिशनच्या शाळेत सकाळी प्रार्थना होते. कॅथलिक मुलांना धर्मशिक्षणाचा तास असतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच वेळी इतर मुलांना मूल्यशिक्षण देतात. याबद्दल गावात उगीच कुजबुज चालते. त्यापेक्षा राज्यघटना काय म्हणते ते माहीत असावे. कलम 30 प्रमाणे अल्पसंख्य समाजांना आपल्या शाळा काढण्याचा व चालवण्याचा हक्क आहे. कलम 28 प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही त्याच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही; मूल लहान असेल तर संमती पालकाची लागते. म्हणजे हक्क दोघांचाही आहे. संमतीचा कागद आला तर वाचून सही करावी किंवा नको असेल तर तसे स्वच्छ लिहावे. शंका असेल तर थेट मुख्याध्यापिकांना भेटावे. पारावर बोलून ती सुटत नाही.

कॅथलिक घरांसाठी याच वयातली मोठी घटना म्हणजे प्रथम कम्युनियन. पूर्वी मुले बरीच मोठी होईपर्यंत थांबावे लागे. 1910 साली पोप दहावे पायस यांनी साधारण सात वर्षांच्या, समज आलेल्या मुलाला ते देता येईल असे ठरवले. तयारीच्या तासांच्या तारखा चिठ्ठीत येतात. त्या दिवशी मुलाला मळ्यात अडकवू नये आणि पालकांना बोलावले असेल तर आई-बाप दोघांनी जावे. आणखी एक. पांढरे कपडे धुतलेले असले म्हणजे झाले. मंडप, बँडबाजा आणि तीनशे पानांचे जेवण यासाठी उसनवारी करणारी घरे मी पाहिली आहेत. देवाने कर्ज काढायला सांगितलेले नाही.

पैसा आणि पावती

शाळा अनुदानित आहे की विनाअनुदानित, हे आधी विचारून घ्यावे. अनुदानित शाळेत पहिली ते आठवीच्या मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि पोषण आहारही असतो. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी असे माप ठरलेले आहे. खिचडी कशी असते ते अधूनमधून स्वतः जाऊन पाहावे, पाहण्यात गैर काही नाही. विनाअनुदानित शाळेत फी असते. ती किती, कशाची आणि कधी, हे लेखी घ्यावे. कोणत्याही शाळेत पैसा दिला की पावती घ्यावी. देणगी दिली तरी पावती घ्यावी. पीक हातात येईपर्यंत पैशाची ओढ असेल तर शाळेला तसे आधी सांगावे. सांगणाऱ्याला मुदत मिळते, तोंड लपवणाऱ्याच्या पोराला मात्र वर्गात मान खाली घालून बसावे लागते.

अंगाची काळजी

मूल शाळेत जाण्याच्या वयात, म्हणजे 5 ते 6 वर्षांच्या दरम्यान, त्रिगुणी लशीची दुसरी बूस्टर मात्रा द्यायची असते. पुढे 10 व्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. लहानपणी सगळी इंजेक्शने झाली म्हणून आपण निर्धास्त होतो आणि नेमक्या या दोन राहून जातात. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे आणि शाळेने मागितल्यास दाखवावे. जंताच्या गोळीच्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. आरोग्य पथक तपासणीला येते तेव्हा डोळे, कान, दात पाहतात. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेले पोर आपण 'ढ' म्हणून सोडून देतो, आणि चष्मा लागला की तेच पुढच्या बाकावर येते.

दप्तराकडेही बघावे. मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून दप्तर जड नसावे, असे 2020 च्या दप्तर धोरणात सांगितले आहे. वीस किलोच्या पोराला दोन किलोचे दप्तर पुरे. घरच्या तराजूवर एकदा तोलून पाहा. निम्मे ओझे शाळेचे नसतेच, आपणच काढायचे विसरलेले असते.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले तर मुलांना कोण आणणार, हे ठरवून शाळेला सांगून ठेवावे. अनोळखी माणसाच्या हाती मूल सोडू नका, असे शिक्षकांना बजावावे. आणि मुलाला कोठेही, अगदी शाळेतसुद्धा, मारहाण किंवा वावगा त्रास झाला तर ते दडपू नये. मुलांसाठी 1098 हा फोन नंबर आहे, तो पोरांना पाठ करून द्यावा.

घर हीच पहिली शाळा

व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेने 1965 साली ख्रिस्ती शिक्षणाविषयी घोषणापत्र काढले. त्यात मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हणून आई-बापांनाच मान दिला आहे, शाळेचे काम त्यांना साथ देण्याचे. आपल्या जुन्या माणसांनीही दुसरे काय सांगितले? खाण तशी माती. सिस्टर आणि गुरुजी दिवसाचे पाच-सहा तास देतील, उरलेले तास आपलेच आहेत.

काम फार नाही. दाराजवळ एक खिळा ठोका, तो फक्त शाळेच्या चिठ्ठ्यांसाठी. रोज दिवेलागणीला दप्तर उघडून पाहा. चिठ्ठी असेल तर ती पोरालाच मोठ्याने वाचायला लावा आणि घरातल्या सर्वांनी ऐका. आजीला अक्षर येत नसले तरी कान आहेत. यात दोन कामे होतात. चिठ्ठी कळते आणि पोराचे वाचन सुधारते. अडखळले तर रागावू नका, थांबून राहा. मग तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका, जशी आपण गाय भरवल्याची लिहितो.

माझी जन्मतारीख कागदावर 1 जून आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच आहे. आमच्या आई-बापांना तारीख सांगता आली नाही, म्हणून गुरुजींनी शाळेच्या सोयीची लिहिली. खरा वाढदिवस कोणता ते आता सांगणारे कोणी उरले नाही. त्यांना अक्षर येत नव्हते, त्यांना दोष देत नाही. आपल्याला येते. आज संध्याकाळी रानातून आल्यावर हातपाय धुवा, चहा घ्या आणि पोराचे दप्तर उघडा.