ब्रोकनची वाफगाडी आणि एका दिवसाचं गणित

जर्मनीत हाताशी एकच मोकळा दिवस असेल, तर व्हेर्निगेरोडेहून ब्रोकन डोंगरावर जाणारी वाफेची गाडी पकडा. वेळापत्रक मात्र नीट वाचा. या रेल्वेवर डिझेलचे डबेही धावतात. वाफेच्या फेऱ्या वेगळ्या दाखवलेल्या असतात.

या फेऱ्या मोजक्याच का? थंड इंजिन म्हणजे चहाचं आधण नव्हे. बॉयलरचे जाड पत्रे आणि नळ्या एकसारख्या प्रसरण पावत नाहीत, घाई केली की सांध्यांवर ताण येतो. म्हणून कित्येक तास आधी भट्टी पेटवावी लागते. द्राय आनेन होहनेला इंजिन पाणी भरून घेतं, तेव्हा खाली उतरून बघाच! १ किलो उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २,२५७ किलोज्यूल लागतात, आणि काम झालं की ती वाफ धुराड्यातून सरळ बाहेर. मग दातेरी रुळाशिवाय ११२५ मीटरवरच्या स्थानकापर्यंत चढण.

कोरड्या उन्हाळ्यात ठिणग्यांनी वणवा लागण्याची भीती असते, तेव्हा डिझेल इंजिन जोडतात. त्यामुळे आदल्या संध्याकाळी चौकशी करूनच बर्लिनहून निघा. परतीची शेवटची गाडीही टिपून ठेवा. वर बहुतेक धुकंच असतं, तेव्हा डब्याच्या उघड्या टोकाला उभं राहायला मिळालं तर सोडू नका.