ढोसीचा डोंगर, च्यवन ऋषी आणि अष्टवर्ग

हिवाळा सुरू झाला की च्यवनप्राशाची माहितीपत्रके चिकित्सालयात येऊन पडू लागतात. मृत ज्वालामुखीवर वसलेल्या च्यवनाश्रमाच्या परिसरातील अष्टवर्ग वापरला आहे, अशा आशयाचा मजकूर त्यांपैकी एका पत्रकात आमच्या वाचनात आला. पुढे रुग्णही तेच विचारू लागले, तेव्हा या स्थानाचा थोडा खोलात जाऊन विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटले.

ढोसीचा डोंगर हरियाणातील महेंद्रगड जिल्ह्यात, नारनौलजवळ, राजस्थानच्या सीमेवर आहे. त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर भरते. माथ्यावर परातीसारखा खोलगट भाग असून तेथे च्यवन ऋषींचे मंदिर व कुंड आहे. सोमवती अमावास्येस स्नानासाठी भाविकांची मोठी गर्दी लोटते. सपाट प्रदेशातून एकाएकी उठलेला हा उंचवटा आणि त्याचा खोलगट माथा पाहून तो विझलेला ज्वालामुखी असावा, अशी समजूत रूढ झाली.

परंतु खडक तसे सांगत नाही. हा डोंगर अरवलीच्या उत्तरेकडील रांगांपैकी असून त्यातील प्रमुख खडक क्वार्टझाइट आहे. जुन्या वाळूचे थर प्रचंड दाब व उष्णता यांमुळे रूपांतरित होऊन हा खडक बनतो, त्यास लाव्हारस लागत नाही. त्याचे वय शंभर कोटी वर्षांच्या घरात जाते. ज्वालामुखीजन्य खडक हरियाणात आहेत, पण ते भिवानी जिल्ह्यातील तोशाम येथे, आणि तो उद्रेकही सुमारे ७५ कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळी भूमीवर वृक्षवनस्पतीही नव्हत्या, मग ऋषी व आश्रम यांची गोष्टच नको. ज्वालामुखीच्या खडकापासून झालेली माती हीच गुणाची खूण मानायची, तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेली काळी माती आपल्या महाराष्ट्रात शेताशेतांत आहे!

आता ग्रंथांकडे वळू. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, अभयामलकीय रसायनपादात, ५०० आमलकी फळांचा हा योग दिला आहे आणि त्याच्या सेवनाने अतिवृद्ध च्यवन पुन्हा तरुण झाले असे म्हटले आहे. तेथे स्थळाचा निर्देश नाही. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा नर्मदातीराच्या यात्राप्रसंगी येते आणि तेथे तारुण्य लाभते ते अश्विनीकुमारांसह सरोवरात उतरल्याने. ढोसीवरील श्रद्धेस त्यामुळे बाध येत नाही, मात्र श्रद्धेचे स्थान हे द्रव्याचे उत्पत्तिस्थान ठरत नाही.

खरा प्रश्न अष्टवर्गाचा आहे. जीवक, ऋषभक, मेदा, काकोली आदी म्हणून आज ओळखल्या जाणाऱ्या वनस्पती हिमालयात, साधारण १,५०० ते ४,००० मीटर उंचीवरील थंड व आर्द्र उतारांवर वाढतात. ढोसीच्या रुक्ष हवेत त्या तगणे शक्य नाही. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ आहे, असे भावमिश्रांनीच १६व्या शतकात नोंदवून ठेवले आणि प्रतिनिधी द्रव्ये सांगितली: मेदा-महामेदांसाठी शतावरी, जीवक-ऋषभकांसाठी विदारीकंद, काकोलीद्वयासाठी अश्वगंधा, ऋद्धि-वृद्धींसाठी वाराहीकंद. प्रतिनिधी वापरण्यात कमीपणा मुळीच नाही. तो वापरून वेष्टनावर अष्टवर्ग छापणे मात्र आम्हांस अनुचित वाटते. (चरकोक्त पाठात आठांपैकी ऋद्धि, जीवक, ऋषभक, मेदा व काकोली ही पाचच द्रव्ये आहेत, हेही पुष्कळदा विसरले जाते.)

ढोसीचा परिसर औषधीहीन आहे असे मात्र कोणी समजू नये. शमी, बदर, धवाच्या जातीचा धोक, करीर, पीलू असा हा अस्सल जांगल देश आहे. अरवलीच्या याच शुष्क पट्ट्यात गुग्गुळ उगवतो, आणि आपल्या औषधशाळांना तो अष्टवर्गापेक्षा कितीतरी अधिक लागतो. अधिक निर्यासाच्या लोभाने खोल घाव घातले की झाड वाळते. २०१५ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने गुग्गुळाची नोंद अतिसंकटग्रस्त वर्गात केली. फांद्यांच्या कलमांपासून लागवड करता येते, पण निर्यास मिळण्यास अनेक वर्षे थांबावे लागते. गुग्गुळ खरेदी करताना तो कोठून आला आणि कसा काढला, हे औषधशाळाचालकांनी व्यापाऱ्यास आवर्जून विचारावे.