अलंकार बदलतो, मूर्ती बदलत नाही

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली, घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरले गेले, अखंड दीप तेवू लागला, की आम्हां तुळजापूरकरांच्या मनात एकच उत्कंठा असते. आज आई कोणत्या रूपात दर्शन देणार? नवरात्रात श्रीतुळजाभवानीच्या अलंकार महापूजा बांधल्या जातात. एके दिवशी रथ अलंकार, एके दिवशी मुरली अलंकार, मग शेषशायी, मग छत्रपती शिवरायांच्या हाती तलवार देणारी भवानी, मग महिषासुरमर्दिनी. गाभाऱ्यातील गंडकी शिळेची अष्टभुजा मूर्ती तीच. परंतु पुजाऱ्यांच्या बोटांतून वस्त्राची एक चुणी निराळी पडते, एक दागिना निराळ्या जागी बसतो आणि रोज पाहिलेली आई आज नव्याने भेटते. पूजा कशी बांधावी याला मर्यादा आहे. त्या मर्यादेच्या आत कलावंताच्या हाताला मोकळीकही आहे. या दोहोंचा मेळ पाहावा तर तो येथे.

वाचकहो, आजचा आमचा विषय हाच आहे. वेश, कला आणि स्वतःच्या मनाप्रमाणे काही घडविण्याचे स्वातंत्र्य यांवरून आज घरोघर वाद होतात. नातीने केस आखूड केले, नातवाने कानात बाळी घातली, सून देवळात कोणता पोषाख करून आली, हे विषय देवघरापर्यंत येऊन पोहोचले आहेत. आम्ही कीर्तनकार. निवाडा करणे हा आमचा अधिकार नव्हे. शिवाय या विषयात आमच्या हातून एक अपराध घडला आहे. तो पुढे यथास्थित सांगू, आधी पूर्वरंग.

शब्दांच्या पोटात

‘अलंकार’ हा शब्द आपण दागिना या अर्थी सर्रास योजतो. परंतु ‘अलम्’ म्हणजे पुरेसे, समर्थ. आणि ‘कृ’ म्हणजे करणे. जे उणे असेल ते पुरे करतो, जो धारण करणाऱ्यास समर्थ करतो, तो अलंकार. ज्याने माणूस झाकला जातो आणि केवळ सोने दिसते, तो या अर्थाने अलंकारच नव्हे. ते ओझे होय.

वेशाचेही तसेच आहे. संस्कृतात हा शब्द दोन तऱ्हांनी लिहितात. ‘वेश’ हा ‘विश्’ म्हणजे प्रवेश करणे या धातूपासून, आणि ‘वेष’ हा ‘विष्’ म्हणजे व्यापणे या धातूपासून. आम्हांस यात मोठी गंमत वाटते. एक पोषाख असा, की ज्यात आपण बाहेरून शिरतो. दुसरा असा, की जो आतून उमलून आपणांस व्यापतो. पहिला उसना आणता येतो. दुसरा आणता येत नाही.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वस्त्रे, आभूषणे, रंगभूषा ही सारी आहार्यात मोडतात. मुनींनी पोषाखाला क्षुद्र मानले नाही. त्याला शास्त्रात स्वतंत्र स्थान दिले. पण सात्त्विकाची जोड नसेल तर राजाचा वेश केलेला नट राजा दिसत नाही, मुकुट घातलेला माणूस दिसतो. आणि कवीच्या स्वातंत्र्याविषयी तर आपले पूर्वसूरी आजच्या तरुणांहूनही पुढे गेलेले आहेत. आनंदवर्धनाचार्यांनी कवीला त्याच्या काव्यसृष्टीचा प्रजापती मानले. मम्मटाचार्यांनी काव्यप्रकाशाच्या आरंभीच कवीच्या वाणीला वंदन केले, ते ती विधात्याच्या नियमांनीही बांधलेली नाही म्हणून. तेव्हा ‘आमच्या परंपरेत कलावंताला मोकळीक नव्हती’ असे कोणी म्हणू लागला, तर त्याने ग्रंथ उघडून पाहावेत.

देवांनी दिलेले लेणे

नवरात्रात ज्या सप्तशतीचा पाठ घरोघर होतो, तिच्या दुसऱ्या अध्यायात देवीच्या प्राकट्याची कथा आहे. सर्व देवांचे तेज एकवटले आणि त्यातून जगदंबा प्रकटली. मग प्रत्येकाने आपापल्याजवळचे दिले. शंकराने शूल दिला, विष्णूने चक्र दिले, हिमालयाने वाहनासाठी सिंह दिला, समुद्राने कमळांची माळ दिली, शेषाने नागहार दिला. येथे कोणी दुसऱ्याची नक्कल केलेली नाही. हिमालयाने कमळे आणली नाहीत आणि समुद्र सिंह शोधावयास अरण्यात गेला नाही. ज्याच्याजवळ जे स्वतःचे होते, ते त्याने आणले. देवीने कोणाचेही नाकारले नाही.

क्षीरसागराने हार, कुंडले, कंकणे, नूपुरे आणि वस्त्रांची जोडी दिली. त्या वस्त्रांना ग्रंथकाराने ‘अजर’ म्हटले आहे. म्हणजे कधीही जुनी न होणारी. कीर्तनात आम्ही येथे थांबतो आणि समोरच्या लेकीबाळींना विचारतो, “अगं, यंदाची फॅशन पुढल्या वर्षी जुनी होते. मग जुनी न होणारी वस्त्रे कोणत्या पेठेत मिळतात?” हशा पिकतो. मग आम्ही सांगतो, की जे स्वभावातून आले ते जुने होत नाही.

याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात शुंभ देवीला टोमणा मारतो, की तू इतरांच्या बळावर लढतेस. तेव्हा देवी सांगते, की या जगात मी एकटीच आहे, ही सारी रूपे माझीच. आणि ती सारी रूपे तिच्यात विलीन होतात. रूपे अनेक, देवी एक. जिला आपण कोण हे ठाऊक आहे, तिला रूप बदलण्याचे भय नाही.

संतांचा पोषाख

आमच्या संतांकडे पाहावे. सावता माळ्याने मळ्यातल्या भाजीत देव पाहिला, नरहरी सोनाराने आपल्या धंद्याच्या हत्यारांतून परमार्थ सांगितला, सेना न्हाव्याने आरशातून आणि वस्तऱ्यातून. पंडितांची भाषा उसनी घेऊन त्यांना अभंग रचता आले असते. त्यांनी तसे केले नाही. प्रत्येकाने आपल्या हातातील वस्तूलाच वाणी दिली. नाथमहाराजांनी तर भारुडात वासुदेव, जोशी, गोंधळी असे कितीतरी वेश घेतले, आणि प्रत्येक वेशातून नाथच बोलले.

आणि जनाबाई! माथ्यावरचे वस्त्र ढळले तरी आपण गजबजलेल्या पेठेतून नामाच्या रंगात जाणार, असे ती एका अभंगात निक्षून सांगते. दळण-कांडण करणाऱ्या त्या दासीचे हे धैर्य पाहा. लोक काय म्हणतील याचे भय तिने नामाच्या पायी वाहून टाकले होते. तिचे ते ढळलेले वस्त्र बेपर्वाई नव्हे. ती तन्मयता आहे. बेपर्वाई आणि तन्मयता यांतील भेद ओळखणे हेच कठीण, आणि पुष्कळदा वडीलधारी माणसे तेथेच चुकतात.

आधुनिक काळातले उदाहरण श्रीगाडगेमहाराजांचे (१८७६–१९५६). अंगावर चिंध्यांचे ठिगळ लावलेले वस्त्र, हाती खराटा, जवळ मातीचे गाडगे, एका कानात कवडी तर दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. कीर्तनकाराचा रूढ वेश त्यांनी घेतला नाही. रूढ कीर्तनाचा आराखडाही त्यांनी बाजूस ठेवला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री श्रोत्यांना प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत कीर्तन रंगवावे, ही त्यांची रीत. लोकांनी त्यांना त्यांच्या गाडग्यावरून ओळखले. वेश हीच ओळख झाली, कारण वेश आणि आचरण यांत अंतर उरले नव्हते.

आमच्या गावी आराधी मंडळी गळ्यात कवड्यांची माळ घालतात. व्यवहारात ‘कवडीमोल’ म्हणजे ज्याला काही किंमत नाही ते. पण तीच कवडी आईच्या नावाने गळ्यात पडली, की तिच्यापुढे मोत्याचा सर फिका वाटतो. दागिन्याचे मोल सराफाच्या तराजूत ठरत नाही, हे आमच्या आराध्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

नऊ रंगांची गोष्ट

गेली वीसेक वर्षे नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग आले आहेत. कचेऱ्यांत, शाळांत, रेल्वेच्या डब्यांत एके दिवशी सारे पिवळे, एके दिवशी सारे हिरवे. हे रंग वारांवरून ठरविले जातात. आमच्या अभ्यासात धर्मग्रंथांत त्यांना आधार आढळला नाही. तरीही आम्ही त्यांची निंदा करणार नाही. चार बायका एका रंगात सजून हसतात, एकमेकींचे कौतुक करतात, यात वाईट ते काय? परंतु ज्या माउलीजवळ नऊ रंगांची नऊ लुगडी नाहीत, तिला त्या दिवशी ओशाळे वाटू लागले, तर उत्सव कोठेतरी चुकला असे समजावे. आपल्या हौसेने घेतलेला रंग हा अलंकार. लोकलज्जेने घेतलेला रंग हा गणवेश. फॅशन माणसाला मोकळे करते असे म्हणतात. पण डोळे मिटून तिच्या मागे गेले, तर ती रूढीपेक्षाही कडक सासू होते.

आमचा अपराध

आता उत्तररंग. आम्ही एकोणीस वर्षांचे असताना प्रथम कीर्तनास उभे राहिलो. अंगात आमच्या गुरुजींचा अंगरखा, डोक्यावर त्यांचीच पगडी, हातातल्या चिपळ्या त्यांच्या, आख्यान त्यांचे, हशाच्या जागासुद्धा त्यांच्याच. श्रोत्यांनी वाहवा केली, “हुबेहूब बुवा!” आम्ही फुशारून पायांवर डोके ठेवले. गुरुजी म्हणाले, “आज लोकांनी मला पाहिले. तुला केव्हा पाहणार?” त्या एका वाक्याने आम्ही घडलो. आणि चाळीस वर्षांनी तेच वाक्य आम्ही विसरलो.

आमची नात कीर्तन शिकली. गळा चांगला, संस्कृताची गोडी, वाचन दांडगे. गेल्या नवरात्रात एका गावच्या उत्सवात तिचे कीर्तन ठरले. तिने जनाबाईवर स्वतः आख्यान रचले. नेसण्यासाठी तिने आपल्या आजीचे, म्हणजे आमच्या दिवंगत कुटुंबाचे, जुने इरकल काढले. ते विरले होते. तिने फाटल्या जागी खणाच्या तुकड्यांची ठिगळे इतक्या सुबकपणे लावली, की ठिगळांचीच नक्षी झाली. आम्हांस दाखवून म्हणाली, “आबा, जनीचे लुगडे असेच असेल ना?”

उत्सवाच्या चालकांना ते पसंत पडले नाही. नवी भरजरी नऊवारी, नथ, अंबाडा, गजरा. नाहीतर कीर्तन शोभणार नाही, असे त्यांचे म्हणणे. तिने आमच्याकडे पाहिले. आम्ही क्षणभर विचार न करता बोलून गेलो, “बाळ, लोकांना आवडेल तेच नेसावे. हट्ट करू नये.”

ती भाड्याने आणलेली नऊवारी नेसून उभी राहिली. पूर्वरंग निभावला. बुक्का लागला, हार पडला, आख्यान सुरू झाले. जनी पेठेतून निघाली त्या प्रसंगाशी येताच तिचा स्वर अडखळला. माथ्यावरचे वस्त्र ढळल्याचे सांगणाऱ्या मुलीचा पदर चार टाचण्यांनी घट्ट बसविलेला होता. तिने कसेबसे कीर्तन संपविले. घरी येऊन इरकलाची घडी घातली, पेटीत ठेवली आणि पुढे कित्येक महिने चिपळ्यांना हात लावला नाही. श्रोत्यांपैकी कोणाच्याही हे ध्यानात आले नसेल. आमच्या मात्र आले. चालकांना आम्ही काय दोष द्यावा? ते परके होते. आम्ही आजोबा होतो, आणि गुरूही.

यंदा गुढीपाडव्यास आम्ही तिला आमच्या पहिल्या कीर्तनाची आणि गुरुजींच्या त्या प्रश्नाची गोष्ट सांगितली. आजवर ती कोणासही सांगितली नव्हती. ती ऐकून घेतली आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आबा, म्हणजे तुम्हाला ठाऊक होते!” या चार शब्दांना आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही हात जोडले. तिने ते धरले.

यंदा सातव्या माळेस आमच्या गल्लीतील लहानशा देवळात तिचे कीर्तन आहे. आख्यान जनाबाईचे, वेश तिला सुचेल तो. आम्ही झांज घेऊन मागे उभे राहणार आहोत.

मर्यादा हवीच, पण ती कशाची, हा प्रश्न आम्ही आता स्वतःस विचारतो. देवापुढे जाताना मन स्वच्छ असावे, दुसऱ्याचा उपमर्द होऊ नये, कलेत लबाडी असू नये, एवढी मर्यादा आम्हांस पुरेशी वाटते. बाकी चुणी कोठे पाडावी आणि ठिगळ कोणत्या रंगाचे लावावे, हे लेकरांच्या बोटांवर सोडावे. आज रात्री आरतीनंतर आपापल्या घरातील मुलाबाळांना जवळ बसवून एकदा विचारावे, “तुला काय करून पाहावेसे वाटते?” उत्तर येईपर्यंत मात्र मध्ये बोलू नये. आम्ही बोललो, म्हणून सांगतो.

आई जगदंबा सर्वांच्या घरी त्या त्या घरच्या रूपाने नांदो, हीच तिच्या चरणी प्रार्थना. आई राजा उदो उदो!