मावळात फिल्डवर्क करायचंय, कॅमेरा कोणता घेऊ?

मे महिना लागला की ज्युनिअर मंडळींचे हमखास मेसेज येतात. "ताई, फेलोशिप सुरू झालीय, पावसाळ्यात लोणावळ्याच्या बाजूला फिल्ड आहे, कॅमेरा कोणता घेऊ?" सोबत दोन-तीन मॉडेलांच्या लिंक असतात. मी दरवेळी उलटा प्रश्न विचारते: फोटोतून तुम्हाला नेमकं काय मोजायचं किंवा ओळखायचं आहे? बहुतेकांचं उत्तर "डॉक्युमेंटेशन" असं येतं. ते उत्तर नाही. तेवढ्यासाठी खिशातला फोन पुरतो, आणि फोनमध्ये जीपीएसही असतं.

हा लेख त्या मेसेजांचं एकत्रित उत्तर आहे. मी मावळातल्या कातळ पठारांवरच्या वनस्पतींवर काम करते, त्यामुळे उदाहरणं तिथली येतील. पण तुम्ही कार्ल्याच्या लेण्यांवर, पवनेच्या पाण्यावर किंवा पक्ष्यांवर काम करणार असाल तरी गणित तेच आहे. आणि गणित करायलाच हवं, कारण जेआरएफचे महिन्याचे ३७,००० रुपये ऐकायला बरे वाटले तरी भाडं, मेस आणि लोकलचा पास गेल्यावर त्यातून एकदाच खरेदी होते. पैसे एक वेळ पुन्हा जमवता येतील. पठारावरची फुलं दोन-तीन आठवड्यांत उरकतात, तेवढ्यात चुकीची लेन्स हातात असली तर पुढची संधी थेट पुढच्या वर्षी.

तर आधी गणित. कॅमेऱ्याच्या आत सेन्सर असतो. आपल्या बजेटमधल्या बहुतेक कॅमेऱ्यांत तो एपीएस-सी मापाचा, म्हणजे साधारण २३.५ मिलिमीटर रुंद आणि १५.६ मिलिमीटर उंच. (कॅननचा किंचित लहान असतो, फरक फार नाही.) २४ मेगापिक्सेलच्या अशा सेन्सरवर आडव्या रांगेत सुमारे ६००० पिक्सेल बसतात, म्हणजे एका पिक्सेलची रुंदी साधारण ०.००३९ मिलिमीटर. आता लांबच्या वस्तूची सेन्सरवरची प्रतिमा किती मोठी पडेल? वस्तूचा आकार गुणिले फोकल लेंग्थ, भागिले अंतर. बस, एवढंच सूत्र. सगळी मापं मिलिमीटरमध्ये घ्या.

समजा विसापूरच्या कड्यावर, तुमच्यापासून दहा मीटरवर, दोन सेंटिमीटरचं एक फूल लटकलंय. कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली तर सेन्सरवर त्याची प्रतिमा पडेल ०.११ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम २८ पिक्सेल. एक रंगीत ठिपका. त्याच जागेवरून ३०० मिलिमीटरची लेन्स लावली तर ०.६ मिलिमीटर, म्हणजे दीडशेच्या वर पिक्सेल. यावरून प्रत्येक वेळी जात ओळखता येईल असं नाही, पण पाकळ्या मोजता येतात, पानांची मांडणी दिसते, आणि गाईडला दाखवण्यासारखं काहीतरी हातात राहतं. विकत घेण्याआधी तुमच्या कामातली सगळ्यात लहान गोष्ट आणि सगळ्यात मोठं अंतर घेऊन हा हिशेब वहीत करून बघा. दुकानदार "मेगापिक्सेल जास्त आहेत" म्हणाला की वही पुढे करा.

आता उलट बाजू. पठारावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून तिचा वरून फोटो काढायचा आहे. फ्रेमच्या उंचीत एक मीटर बसायला हवा. १८ मिलिमीटरवर त्यासाठी कॅमेरा जमिनीपासून सुमारे १.१५ मीटर वर धरावा लागतो, म्हणजे छातीच्या आसपास. जमतं. पण हौसेने ३५ मिलिमीटरची "शार्प" प्राइम लेन्स घेतली असेल तर तोच कॅमेरा सव्वादोन मीटरवर हवा. लोहगडाच्या वाऱ्यात शिडी कोण धरणार? अर्थात १८ ची स्वतःची अडचण आहे: कडांना सरळ रेषा वाकतात, आणि टक्केवारीत आच्छादन मोजायचं असेल तर ते खटकतं. त्यावर तोडगा म्हणजे चौकटीचे चार भाग पाडा आणि प्रत्येक अर्ध्या मीटरच्या चौकोनाचा वेगळा फोटो ३५ वर घ्या. उंची परत सव्वा मीटरच्या आत येते. चारपट फोटो, पण मोजमाप स्वच्छ.

तिसरी गरज जवळच्या फोटोंची. सीतेची आसवं ही मावळातल्या ओल्या कातळावरची कीटकभक्षी वनस्पती, फूल सेंटिमीटरच्या आसपासचं. त्याचे बारकावे हवेत तर मॅक्रो लेन्स हा राजमार्ग, पण महाग. एक्स्टेंशन ट्यूब हा स्वस्तातला मार्ग आहे आणि विद्यार्थ्यांना मी तोच सांगते. ट्यूब म्हणजे आत काच नसलेली पोकळ नळी, बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसते. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ, एवढी विशालता वाढते. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर २० ची ट्यूब म्हणजे ०.४ पट: एक सेंटिमीटरच्या फुलाची प्रतिमा चार मिलिमीटर, हजाराच्या वर पिक्सेल. आणखी काय पाहिजे? फक्त ट्यूबवर इलेक्ट्रिक संपर्काचे पितळी ठिपके आहेत ना, ते बघून घ्या. नाहीतर आजच्या बहुतेक लेन्सचं छिद्र बॉडीवरून लहान-मोठं करता येत नाही. आणि इतक्या जवळ फोकसची खोली काही मिलिमीटरच उरते, पूर्ण १:१ वर तर एफ/११ ला मिलिमीटरभरही नाही. त्यामुळे वारा थांबायची वाट बघायची तयारी ठेवा.

माझ्या मते मावळात वनस्पतींवर काम करणाऱ्याने सुरुवात अशी करावी: साधी एपीएस-सी बॉडी, किट लेन्स, ५० मिलिमीटरची स्वस्त प्राइम आणि ट्यूबचा संच. कड्यावरचं काम असेल तरच ३०० पर्यंत जाणारी झूम. लेण्यांवर काम करणाऱ्यांना मात्र उलट रुंद बाजू लागते. कार्ल्याचा चैत्य सुमारे ३७ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे आणि आत उजेड कमी. तिथे पैसे रुंद लेन्सवर आणि बॉडीतल्या किंवा लेन्समधल्या स्थिरीकरणावर घालावेत, कारण तिपाई वापरायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी लागते. पक्षीवाल्यांचं बजेट वेगळं, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. दर महिन्याला त्याच जागेवरून तोच फोटो घेऊन बदल मोजायचा असेल तर झूम लेन्सवर आकडा अंदाजाने लावू नका. झूमच्या टोकाला जा, १८ तर १८, किंवा रिंग टेपने चिकटवा. मधल्या आकड्यांवर दरवेळी थोडा फरक पडतो आणि तो फरक तुमच्या डेटात "बदल" म्हणून घुसतो.

आता खरेदी. आधी ठरवा की पैसा कुणाचा. कंटिन्जन्सीतून घेतलेली वस्तू बहुधा संस्थेची होते, स्टॉक रजिस्टरला चढते, आणि सेकंडहँड वस्तूचं बिल ऑफिस सहसा घेत नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी स्टोअर विभागात जाऊन विचारा. स्वतःच्या खिशातून घेणार असाल तर मात्र बॉडी सेकंडहँड घ्यायला हरकत नाही.

नवीन घेताना खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि एमआरपी छापलेलं लेबल बघा. भारतात विकायच्या पॅकबंद वस्तूवर ते असणं कायद्याने बंधनकारक आहे. ते नसेल आणि किंमत संशयास्पद कमी असेल तर तो ग्रे मार्केटचा माल समजा, कंपनीची इथली वॉरंटी त्याला मिळत नाही. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की व्यवसायाचं नाव दिसतं. दोन मिनिटांचं काम. दुकानदार "बिल नको, तेवढे कमी करतो" म्हणाला तर उठा. बिल असेल तर पुढे तक्रार करायला १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर तरी उपयोगी पडतो.

सेकंडहँडचं मात्र नीट ऐका. लोणावळा-खंडाळ्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुण्यात ७०० च्या आसपास. घाटमाथ्यावर दोन पावसाळे कपाटात काढलेली लेन्स बाहेरून कोरी करकरीत दिसते आणि आत बुरशी. म्हणून सोबत टॉर्च न्या. लेन्स बॉडीवरून काढा, छिद्र पूर्ण उघडा, एका बाजूने तिरका उजेड टाकून दुसऱ्या बाजूने बघा. दोन-चार धुळीचे कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्याने फोटोला काही होत नाही. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत करा. बुरशी काचेवरचा लेप खाते, साफ केली तरी डाग राहतात. बॅग उघडून वासही घ्या, हसू नका. कुबट वास म्हणजे सामान ओलीत राहिलंय.

बॉडीचं: शटर किती वेळा पडलंय हे विचारा. निकॉनच्या बहुतेक बॉडीत तो आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडीत नसतो. छिद्र एफ/१६ वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग त्यात उघडे पडतात. स्वतःचं कार्ड घेऊन जा, पन्नासेक फोटो काढा, घरी मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच हो म्हणा. बिलावरचा, खोक्यावरचा आणि बॉडीखालचा सिरियल नंबर जुळायलाच हवा. जुळत नसेल तर वस्तू चोरीची असू शकते, आणि मग प्रश्न फक्त पैशांचा राहत नाही.

भेट दिवसा, वर्दळीच्या ठिकाणी ठरवा. तळेगाव किंवा लोणावळा स्टेशनचा परिसर बरा, कुणाच्या तरी फार्महाऊसवर नको, आणि एकटं जाऊ नका. "मी लष्करात आहे, बदली झालीय, सामान कुरिअरने पाठवतो, थोडा ॲडव्हान्स टाका" हा फसवणुकीचा जुना आणि अजूनही चालणारा प्रकार आहे. ओळखपत्राचा फोटो पाठवला म्हणून माणूस खरा ठरत नाही. तुम्ही विकणारे असाल तर हे पक्कं लक्षात ठेवा: यूपीआयवर पैसे मिळवायला पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. तरीही पैसे गेलेच तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते.

घेतलेलं सामान टिकवणं हा मावळात निम्मा खर्च आहे असं समजा. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ९० टक्क्यांच्या वर असते, आणि लेन्सला ४०-५० टक्के बरी. इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट हॉस्टेलवर परवडत नसेल तर रबरी गॅस्केटचा हवाबंद डबा, काही शे रुपयांचा आर्द्रतामापक आणि सिलिका जेल एवढं पुरतं. जेलचा रंग बदलला की १२० अंशांच्या आसपास तापवून ते पुन्हा वापरता येतं. निळं जेल कोबाल्टचं असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये तापवू नका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला देणाऱ्यांना नमस्कार करा आणि पुढे चला, पिठाची धूळ फुकट आत जाते.

एसी खोलीतून किंवा गाडीतून थेट धुक्यात कॅमेरा काढला की काचेवर बाष्प धरतं, कारण काच बाहेरच्या हवेच्या दवबिंदूपेक्षा थंड असते. झिपच्या पिशवीत बंद करून अर्धा तास बाहेर ठेवा, मग उघडा. "वेदर सील्ड" या शब्दावर विसंबू नका, त्याला ठरलेलं मोजमाप नाही. आयपी आकडा छापलेले कॅमेरे मोजके आहेत. पाणी गेलेलं बहुतेक वॉरंटीत बसत नाही, तेव्हा छत्री धरणारा जोडीदार ही सगळ्यात स्वस्त ॲक्सेसरी.

ड्रोनचा विचार असेल तर लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हा नौदलाचा तळ आहे हे विसरू नका. आधी डिजिटल स्कायचा नकाशा बघा. तळाच्या आसपास साधा कॅमेराही बॅगेतच बरा.

आता वेळापत्रक. मेमध्ये पुण्यातून दोन-तीन दिवसांसाठी लेन्स भाड्याने घ्या, मळवलीला उतरून भाजे-विसापूरची एक फेरी करा आणि वर वहीत केलेलं गणित तिथे तपासा. भाडं गेलं तरी चालेल, त्यात चुकीची खरेदी वाचते. खरेदी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका, म्हणजे काही दोष निघाला तर परत करायला वेळ राहतो. आणि पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याचं घड्याळ फोनच्या वेळेशी जुळवा. फोनचा जीपीएस ट्रॅक आणि कॅमेऱ्याचे फोटो पुढे एकमेकांना जोडायचे असतात, आणि जोडणारा धागा तेवढी एक वेळच असते.